दाराच्या मुठीवरचं हिरवं पान

हेगहून परत आल्यापासून भेटेल तो माणूस एकच विचारतो, ट्यूलिप पाहिलीस का? नाही पाहिली. मी गेले ऑक्टोबरात, आणि तेव्हा ट्यूलिपचे कांदे जमिनीखाली झोपलेले असतात. पवनचक्की एक पाहिली, पण आगगाडीच्या खिडकीतून आणि अर्धवट झोपेत, त्यामुळे ती खरी होती याची खात्री देत नाही. सहा आठवड्यांत मी नीट पाहिला तो एका हॉटेलचा चौथा मजला. ज्यांना ट्यूलिप हवी आहेत त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

मी खडकीची. बाबा वर्ध्याकडून पोटासाठी पुण्यात आले आणि कारखान्यात लागले. क्वार्टरच्या दोन खोल्यांपैकी एकीत आम्ही राहायचो, दुसरीत युनियनची पत्रकं. सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास म्हणजे माझ्यासाठी सणाचा वास. अ अननसाचा हे मला शाळेत गेल्यावर कळलं. घरी पहिलं अक्षर ए होतं, एकजुटीचा. आणि सगळ्या पत्रकांत सगळ्यात जाड अक्षरांत जो शब्द यायचा तो होता 'कंत्राटी'. कंत्राटी पद्धत बंद करा. कंत्राटी कामगारांना कायम करा. तो शब्द कानावर पडला की अजून माझ्या कानामागे गरम होतं.

घरात नियम एकच: ज्याचं ताट त्यानं उचलायचं, ज्याचं अंथरूण त्यानं काढायचं. पाहुण्यालाही यातून सूट नव्हती. एका मामांनी त्यावरून आमच्याकडे येणं सोडलं.

अशा घरातली मुलगी येरवड्यापलीकडच्या एका काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअर लिहायला लागली. तिथे माणसांना 'रिसोर्स' म्हणतात. पहिल्याच महिन्यात मी वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की मी रिसोर्स नाही, मुक्ता आहे. उत्तर आलं, "नोटेड." पुढे हेगच्या एका गिऱ्हाईक कंपनीकडे पाठवायचं ठरलं तेव्हा आधी एक कागद पुढे केला: परत आल्यावर दोन वर्षं नोकरी सोडणार नाही. बॉन्ड. बाबांनी तो कागद तीनदा वाचला आणि चष्मा काढला.

"काहून सही केली?"

"बाबा, तिकीट आलंय."

 बाबा बोलत नाहीत तेव्हा पत्रक काढतात. त्या दिवशी पत्रकही काढलं नाही.

खुर्ची

हॉटेलात पोचले तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, आणि माझ्या अंगात कुठले वाजले होते ते अंगालाही ठाऊक नव्हतं. विमान, आगगाडी, ट्राम, मग ओल्या विटांचा एक रस्ता. त्या रस्त्यावर माझ्या बॅगेची चाकं एवढी खडखडत होती की सगळं शहर मी जागं करते आहे असं वाटलं. कुणी जागं झालं नाही. शनिवार होता. आकाश खाली येऊन घरांच्या कौलांवर बसलं होतं.

काउंटरवरचा तरुण एवढा उंच होता, की बोलताना तो वाकतो आहे की पाया पडतो आहे ते कळेना. "तुमची कामर तीन वाजता मिळेल," तो इंग्रजीत म्हणाला. 'कामर' हा एकच शब्द त्याच्या भाषेतला निसटून आला. कामर, कमरा. तेवढ्या एका शब्दानं मला फार आपलंसं वाटलं. आणि पुण्याच्या माणसाला दुकानात शिरल्यावर "आत्ता नाही, चारनंतर या" ऐकायची सवय असते, म्हणून मी अजिबात चिडले नाही. उलट घरी आल्यासारखं वाटलं.

खिडकीजवळ एक हिरवी खुर्ची होती. तीत बसले आणि बुडाले. माणूस फार थकला की झोप येत नाही, झोपच त्याच्याकडे चालत येते, पाण्यासारखी, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. बाहेर ट्रामची घंटा वाजली ती माझ्या आत कारखान्याचा भोंगा होऊन वाजली. बाबा सायकल काढत होते. सायकलला चाकांऐवजी पवनचक्क्या होत्या. आई म्हणत होती, डबा घ्या, डबा घ्या, आणि बाबा कौलांवरून ढगात निघून गेले.

"बेटी. उठ. तोहार कामर तैयार है."

मी डोळे उघडले. अंगावर एक स्वच्छ पांढरी चादर होती, मी घेतलेली नसलेली. समोर पन्नाशीच्या पुढची एक बाई; निळा अंगरखा, आखूड केस, कानात सोन्याची बारीक फुलं, आणि चेहरा असा की खडकी बाजारात भाजी घेताना दिसली असती तर मी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा.

मला वाटलं स्वप्न अजून चालू आहे. डच माणसांच्या देशात मला उठवणारी बाई भोजपुरीसारखं बोलते, हे स्वप्नातच घडतं. पण ती चादरीची घडी घालायला लागली आणि मी घाईनं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी मिळून ती घडी केली, पुढे येत, मागे जात, घरात आई आणि मी करतो तशी.

तिचं नाव राजवंती. ती चौथ्या मजल्याच्या खोल्या आवरायची. खुर्चीतली मी तिला दिसले, म्हणून तिनं तिच्या यादीत खालून दुसरी असलेली माझी खोली सगळ्यांत आधी केली होती.

लिफ्टमध्ये तिनं विचारलं, "कहाँ के है तू?"

"पुणे. पूना. इंडिया."

"हम सुरिनाम के." मग हसून, स्वतःकडे बोट दाखवत, "हम लोग कंत्राकी के."

मी ऐकलं, कंत्राटी.

कानामागे गरम झालं. चौदा तासांचा प्रवास, तीन तासांची खुर्ची, आणि तरी मी त्या लिफ्टमध्ये ताठ उभी राहिले आणि माझ्या पुणेरी हिंदीत म्हणाले, "आप घबराओ मत. इधर भी कायम होना चाहिए. हम लिखके देंगे."

राजवंतीनं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं, तापात बडबडणाऱ्या मुलाकडे पाहतात तसं, आणि माझ्या हातात दोन टॉवेल ठेवले.

चौथा मजला

खोली ४१२. पलंग एवढा पांढरा की त्यावर बसणं म्हणजे कोऱ्या कागदावर डाग पाडणं. दाराच्या आतल्या मुठीला एक पुठ्ठ्याचं पान टांगलेलं होतं, हिरवं, पिंपळाएवढं. त्यावर लिहिलं होतं की आज तुमची खोली आवरायची नसेल तर हे पान बाहेरच्या मुठीला लावा. पाणी वाचेल, पृथ्वी वाचेल, आणि आमच्याकडून एक कॉफी.

मी ते पान हातात धरून बराच वेळ बसले. पृथ्वीचं मला त्या क्षणी एवढं नव्हतं, पण राजवंतीचं होतं. जिनं मला झोपेतून उचलून खोलीत आणलं, तिला मी माझं अंथरूण काढायला लावू? कंत्राटी बाईला? दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंग स्वतः घातला, चादरीचे कोपरे चाकूनं कापल्यासारखे बसवले, बेसिन पुसलं, टॉवेल वाळत टाकले आणि पान बाहेर लावलं. कॉफी घेतली नाही. चांगलं वागण्याबद्दल कॉफी घ्यायची नसते.

त्या मजल्यावर आमच्याच कंपनीचे आणखी पाच जण होते, दोन महिन्यांपासून मुक्कामाला. त्यांतल्या एकाची ओळख करून द्यायला हवी. अभ्यंकर, शनिवार पेठ. खोली ४०९. वयानं माझ्याहून चार वर्षं मोठा, बोलण्यानं चाळीस. ओळख झाली तेव्हा तो म्हणाला, "अच्छा, खडकी. म्हणजे पुण्याजवळच."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, "तुमची खोली कोण आवरतं?"

"खोली आवरणारी बाई."

"तुम्हाला स्वतःला आवरता येत नाही?"

"येते ना. पण मी तिच्या खोलीत जाऊन प्रोग्राम लिहितो का?"

या उत्तरानं माझी सगळी रात्र गेली, आणि सकाळी मी माझ्या आयुष्यातलं पहिलं स्वतःचं पत्रक लिहिलं. हॉटेलच्याच कागदावर, पाच प्रती, हातानं.

'सहकारी बंधूभगिनींनो! देशात असताना आपण आईला कामाला लावतो आणि परदेशात परक्या बाईला. आपल्या मजल्यावरची बाई कंत्राटी आहे. आपली गादी आपण घातल्यानं कुणाचेही हात झडल्याचं ऐकिवात नाही. उद्यापासून दारावर हिरवं पान लावा. आपलं ओझं आपण उचला! खोली ४१२.'

पाच दारांखालून पाच कागद सरकवले. खरं सांगते, तेव्हा बोटांना शाई लागल्याचा भास झाला.

संध्याकाळी त्यांतला एक कागद माझ्या दाराखालून परत आला. खाली पेन्सिलीनं बारीक, देखण्या अक्षरात लिहिलं होतं: 'गादी हा शब्द राजकीय आहे, बिछाना म्हणावे. उद्गारचिन्हांचा पुरवठा हॉटेलकडून होतो काय? पान लावतो, कॉफीसाठी. ४०९.'

बुधवारी सकाळी मी दार उघडलं आणि उभीच राहिले. लांब, पाऊल न वाजणारी सतरंजी, मंद दिवे, आणि दोन्ही बाजूंच्या दारांवर सहा हिरवी पानं. कुणीतरी त्या परक्या इमारतीला तोरण बांधलं होतं. बाबांच्या आयुष्यात कितीतरी पत्रकं निघाली. एका दिवसात एवढं यश एकालाही आलं नसेल. त्या दिवशी मी ट्रामऐवजी चालत ऑफिसला गेले आणि वाटेत दोनदा चुकले.

पहिले आठ दिवस असेच गेले, झोप आणि जाग यांच्या मधल्या गल्लीत. सकाळी न्याहारीला लोक पावावर लोणी लावून त्यावर चॉकलेटची बारीक शेव पेरत होते. आपण मिसळीवर पेरतो त्याच गंभीरपणानं. दुपारी सगळी मोठी माणसं शाळेच्या डब्यासारखे थंड पाव खायची. एकदा दूध म्हणून आणलेलं खोकं चहात ओतलं आणि चहा फाटला. चाखून पाहिलं तर ताक. अस्सल, आंबटसर, घट्ट ताक. मी ते मीठ घालून खिडकीत उभी राहून प्यायले. समोरच्या घराच्या भल्यामोठ्या खिडकीला पडदा नव्हता. तिथे पडदे लावतच नाहीत. आत एक म्हातारा दिव्याखाली पुस्तक वाचत होता आणि रस्त्यानं जाणारा कुणीही आत पाहत नव्हता. अभ्यंकरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्या पेठेत पडदे असतात आणि तरी सगळ्यांना सगळं दिसतं. प्रगत कोण, ते तूच ठरव."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. राजवंतीच्या ढकलगाडीचं एक चाक वाजायचं, च्यूं, च्यूं, लहान पक्ष्यासारखं. गुरुवारपासून तो पक्षी ऐकू येत नव्हता.

समुद्र

दुसऱ्या रविवारी ट्रामनं समुद्रावर गेले. शहराच्या टोकाला ट्राम थांबते आणि पुढे जमीन नसते. करडा समुद्र, करडं आकाश, मधली रेघ कुणीतरी खोडरबरानं पुसलेली. माणसं वाऱ्याकडे तिरकी होऊन चालत होती. मी एका बाकावर बसून घरी फोन लावला आणि बाबांना पत्रकाचा सगळा वृत्तान्त सांगितला, मसुद्यासकट.

वारा इतका होता की त्यांचं गप्प बसणंही तुटक तुटक ऐकू आलं.

"मसुदा बरा आहे," शेवटी ते म्हणाले. "तिला दाखवला काय?"

"कुणाला?"

"जिच्यासाठी काढला तिला."

"तिला काय दाखवायचं, बाबा? तिचं काम कमीच झालं ना."

"काम कमी झालं की कामगार खूश होतो, हे तुला कोणी शिकवलं? माझ्या घरात तर नाही."

 फोन खिशात ठेवला. एक पांढरा पक्षी वाऱ्यात जागच्या जागी उभा होता, पंख हलवत, एक इंचही पुढे न जाता.

हॉटेलात परत आल्याबरोबर मी त्या उंच मुलाला विचारलं, चौथ्या मजल्यावरची बाई कुठे आहे? त्यानं वाकून वही पाहिली. "त्या मजल्यावर आता आवरायला फार कमी खोल्या असतात," तो म्हणाला. "पानांमुळे. ती फक्त शनिवारी येते." मग अभिनंदन करावं तसं तो हसला. "तुमचा मजला हॉटेलात सगळ्यात हिरवा आहे."

तो आठवडा कसा गेला ते ऑफिसला विचारा. मी नव्हतेच तिथे. संध्याकाळी परतले की सहा पानं दिसायची. आता ती तोरणासारखी दिसत नव्हती. मी माझं पान काढलं. बाकीच्यांना काय सांगायचं ते राजवंतीला विचारल्याशिवाय सांगायचं नाही, एवढं ठरवलं. आणि शनिवारची वाट पाहिली.

शनिवार

च्यूं, च्यूं. मी दार उघडून बाहेर आले.

"पत्ता कहाँ है?" माझ्या दाराची पानाविना रिकामी मूठ पाहून तिनं विचारलं.

मी तिला आत बोलावलं. ती बसेना, पाहुण्याच्या खोलीत बसायचं नसतं म्हणाली. म्हणून मीही उभी राहिले. विचारलं तेव्हा तिनं बोटांवर मोजत सांगितलं, तक्रार नव्हती, एखादी पाककृती सांगावी तसं: "छह कामर पे पत्ता. पत्ता है तो कामर नाहीं. कामर नाहीं तो घंटा नाहीं." सफाईचं काम एका एजन्सीकडे होतं आणि एजन्सी खोल्यांवर तास द्यायची. पाच दिवसांचं काम एका दिवसावर आलं होतं. येत्या शुक्रवारी एजन्सीचा माणूस मजल्यांच्या खोल्या मोजणार. चौथा मजला असाच राहिला तर तिला विमानतळाजवळच्या हॉटेलात पाठवणार, दोन ट्राम आणि एका आगगाडीवर. तिची सून पहाटे बेकरीत जायची. नातवाला शाळेत सोडणं राजवंतीकडे होतं. तिकडे गेली तर ते व्हायचं नाही. आणि तिकडे नाही गेली तर काम नाही.

 मी सांगून टाकलं. "वह पत्ता मैंने लगवाया. सबको. लिखके."

तिला आधी कळलंच नाही. मी पत्रक दाखवलं, हिंदीत वाचलं. ती हसली. मग हसता हसता थांबली, आणि थांबलेला तो चेहरा मी अजून विसरलेले नाही.

"काहे?" ती म्हणाली.

"आप कंत्राटी हो इसलिए. आपने ही बोला, लिफ्ट में."

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. मग एकदम त्या उलगडल्या. कंत्राटी नाही, कंत्राकी. ती नव्हे, तिच्या आजीची आई. आजी हा शब्द तिच्याकडेही आजीच होता. ती बाई बिहारकडून कलकत्त्याला आणि कलकत्त्याहून जहाजानं सुरिनामला, दक्षिण अमेरिकेतल्या डचांच्या वसाहतीत गेली, उसाच्या मळ्यावर. जाताना कागदावर अंगठा दिला. त्या कागदाला म्हणायचे कंत्राक, आणि ज्यांनी अंगठे दिले ते कंत्राकी. "पाँच बरिस," राजवंतीनं पंजा उघडून दाखवला. "पाँच बरिस जाए के नाहीं कहीं. मालिक मारे, तबो नाहीं."

मग तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "तू कैसे आइल? कंपनी भेजिस?"

"हाँ."

"कागद पे?"

 टेबलावर माझी फाईल होती आणि फाईलमध्ये त्या बॉन्डची प्रत.

"कै बरिस?"

"दो," मी म्हणाले.

राजवंतीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि अशी खळाळून हसली की ढकलगाडीवरचे पेले किणकिणले. "तब तो कंत्राकी तू है, बेटी! हम नाहीं!"

मला राग यायला हवा होता. सवय म्हणून तरी. आला नाही. मी बसले, आणि मग तीही बसली, माझ्या त्या नीट घातलेल्या पलंगावर. हातानं तिनं चादरीचा कोपरा चाचपला.

"ई तू करत है रोज?"

"हाँ." थोडा अभिमान होताच.

"मत कर. तू बनावत है, हम फिर उजाड़त है. डबल काम." वापरलेली चादर तिला काढावीच लागते, ती मी घट्ट खोचून ठेवली की तिची नखं तुटतात. बेसिन मी ज्या कपड्यानं पुसत होते तो चेहरा पुसायचा होता. टॉवेल मी खुर्चीवर वाळत टाकत होते, त्यानं खुर्चीची गादी ओली व्हायची. माझ्या तत्त्वाचा प्रत्येक कोपरा त्या बाईनं चाचपून पाहिला, आणि कुठेही तो तिच्या उपयोगाचा नव्हता.

दुपारी काम संपल्यावर तिनं मला तिच्या वस्तीतल्या एका छोट्या दुकानात नेलं. ट्रामच्या तारांखाली साड्यांची दुकानं, गणपतीच्या मूर्ती, आणि पाट्या सगळ्या डच. जाड, मऊ, आत डाळ भरलेली रोटी आली, आणि बटाटा, आणि हातभर लांब चवळीच्या शेंगांची भाजी. आपल्याकडच्या पुरणपोळीनं परदेशी जाऊन मीठ खाल्लं तर अशी होईल. तिथल्या तेलकट टेबलावर आम्ही दुसरं पत्रक लिहिलं. मी लिहिलं, ती सांगत गेली. मी 'संघर्ष' शब्द घातला. तिनं तो काय म्हणून विचारलं, आणि सांगितल्यावर म्हणाली, ऊ रहे दे, टॉवेल के लिख.

'सहकारी बंधूभगिनींनो. पहिलं पत्रक चुकीचं होतं. ते विचारल्याशिवाय लिहिलं होतं. हे विचारून लिहिलं आहे. दारावरचं पान काढावं. पान असलं की राजवंतीबाईंचे तास जातात. बिछाना घालू नये. ओले टॉवेल आंघोळीच्या टबात टाकावेत, खुर्चीवर नाही. बेसिनमधले केस मात्र स्वतः काढावेत. शुक्रवारपर्यंत हे झालं नाही तर त्यांना दूर पाठवतील. खोली ४१२.'

एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

सोमवार ते सोमवार

अभ्यंकरनं कागद दारातच वाचला, मी समोर उभी असताना.

"पहिल्यात आवरा, दुसऱ्यात पसरा. तिसरं काढायच्या आधी कळव, आम्ही मधेच थांबून राहतो."

"अभ्यंकर, थट्टा नको. तिचं काम जाईल."

त्यानं पुन्हा वाचलं. "या वेळी विचारलंस?"

"तिनंच सांगितलं. संघर्ष तिनं काढायला लावला."

"संपादिका बरी आहे," तो म्हणाला. मग मुठीवरचं पान काढून त्यानं पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. "माझ्या दहा कॉफ्या झाल्यात. पुरे. आणि ऐक, बाकीच्या चौघांना कागदानं होणार नाही. ते पहिल्या कागदाला घाबरून हो म्हणाले होते. चल, दारं वाजवू."

शनिवार पेठेचा माणूस दुसऱ्याचं दार वाजवतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तिघांनी पान काढलं. एकानं नाही. त्याला खोलीत कुणी आलेलं आवडत नव्हतं, आणि तो त्याचा हक्क होता. मी वाद घातला नाही, यावर अभ्यंकरचा विश्वास बसेना.

तो आठवडा मी मुद्दाम पसारा करून ऑफिसला जात होते. कुणी सांगितलं तर पटणार नाही, पण सगळ्या प्रवासातलं कठीण काम ते होतं. बिछान्यातून उठायचं आणि तो तसाच टाकून निघायचं, सुरकुत्यांसकट, आपल्या झोपेचा साचा दुसऱ्याला दिसेल असा. दारापर्यंत जाऊन मी परत यायचे. आई कुठून तरी पाहते आहे असं वाटायचं.

शुक्रवारी एजन्सीचा माणूस येऊन गेला. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही; पाहुण्यांना कोण सांगतं?

सोमवारी सकाळी धुकं इतकं होतं की समोरचा म्हातारा, त्याचा दिवा, त्याची खिडकी, काहीच नव्हतं. मी अंथरुणात पडून राहिले होते. सतरंजीवरून, फार लांबून, दुसऱ्या कुठल्या तरी गावाहून यावा तसा आवाज आला. च्यूं. थांबला. पुन्हा च्यूं.

पाच दिवस तिला परत मिळाले नाहीत. चार मिळाले. पाचवा दिवस कुठे गेला असं मी विचारलं, तर तिनं त्या एका दाराकडे, जिथे पान अजून हिरवं होतं, हनुवटी उचलली आणि खांदे उडवले. पण विमानतळ टळला होता, आणि नातू शाळेत जात होता.

निघताना

निघायची सकाळ कोरडी, थंड, स्वच्छ निघाली. राजवंतीची सुट्टी होती, तो पाचवा दिवस. आदल्या दिवशीच तिनं माझ्या हातात त्या रोटीची पुडी ठेवली होती, विमानात खायला, आणि म्हणाली होती, "दो बरिस जल्दी जाई, बेटी." मी तिला काय दिलं? काहीच नाही. दुसऱ्या पत्रकाची मूळ प्रत मागितली तिनं, ती दिली. तिला मराठी वाचता येत नव्हतं. त्यातलं तिचं नाव मी बोटानं दाखवलं, आणि तिनं कागदाची घडी करून अंगरख्याच्या खिशात ठेवली. तिच्या आजीच्या आईचा कागद कुणी जपून ठेवला नव्हता, ती म्हणाली.

बॅग भरून झाली. टॉवेल टबात टाकले. बेसिनमधले केस काढले. आज तिच्या जागी कुणी दुसरी येणार होती, जिचं नाव मला माहीत नव्हतं. पलंगावर रात्रीचं सगळं तसंच होतं: लोळागोळा पांघरूण, आणि उशीत माझ्या डोक्याचा खळगा, उन्हात स्पष्ट दिसणारा.

उशी सरळ करायला हात पुढे गेला. मी तो खिशात घातला आणि दार ओढून घेतलं.